संवादकट्टा आणि मागचा बोळ

आष्ट्याच्या बाहेर, उसाच्या फडाला लागून, मी चोवीस कुटुंबांसाठी घरं बांधली. म्हणजे बांधली गवंड्यांनी. मी नकाशे काढले आणि साताऱ्याहून येऊन-जाऊन सूचना केल्या. घरं घेणारी माणसं साधी होती. साखर कारखान्यातले कामगार, एसटीचे दोन वाहक, दवाखान्यातली एक नर्स. सोसायटीचे अध्यक्ष होते सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार. परवडणारं घर, पण शेजार असलेलं आणि झाडाझुडपांतलं, अशी माझी कल्पना होती. त्या कल्पनेच्या मी अगदी प्रेमात होते.

दोन दुमजली इमारती समोरासमोर आणि मध्ये अंगण. अंगणात काळ्या कडप्प्याचा अर्धगोल कट्टा. त्याला मी नकाशात सुबक अक्षरांत नाव दिलं होतं, ‘संवादकट्टा’. कागदावर त्या कट्ट्यावर आजोबा पेपर वाचत होते, बायका हसत होत्या आणि वर कडुनिंबाची गर्द सावली होती. नकाशातली झाडं जन्मतःच वीस वर्षांची असतात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. प्रत्यक्षात आम्ही लावलेली रोपं माझ्या गुडघ्याला लागत होती.

बांधकामाआधीच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं होतं, “बाई, वाळवणं कुठं घालायची?”

मी म्हणाले, “मावशी, गच्ची आहे की. अंगण बोलण्याबसण्यासाठी ठेवूया.”

“बरं,” मावशी म्हणाल्या. मला वाटलं, पटलं त्यांना.

घरं होऊन वर्ष झालं आणि पुण्याच्या एका कॉलेजातून फोन आला. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना ही वसाहत बघायची होती. मी हरखून गेले. मे महिन्यातल्या एका दुपारी दोन वाजता पंधरा मुलंमुली घेऊन मी तिथं पोचले. वाटेत गाडीत मी त्यांना शेजारधर्मावर व्याख्यान दिलं. ते चांगलं झालं असावं, कारण निम्मी मुलं झोपली होती.

अंगणात चिटपाखरू नव्हतं.

“आत्ता ऊन आहे,” मी म्हणाले. “पण कल्पना करा, इथं माणसं अशी बसतात.” आणि कशी ते दाखवायला मी कट्ट्यावर बसले.

जितक्या वेगानं बसले त्याच्या दुप्पट वेगानं उठले. तोंडातून जो शब्द गेला तो मी विद्यार्थ्यांसमोर एरवी उच्चारत नाही. कडप्पा सकाळपासून तापत पडला होता.

इमारतीच्या मागून हाक आली, “आवं बाई, त्या तव्यावर बसू नगा! चटका बसंल. हिकडं या सावलीला.”

त्याच मावशी होत्या. माझ्या संवादकट्ट्याला सगळी वसाहत ‘म्याडमचा तवा’ म्हणते, हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही मागं गेलो. मागची इमारत आणि कुंपण यांच्यामध्ये दहा फुटांचा बोळ होता. नकाशात मी तो सांडपाण्याच्या पाइपांसाठी सोडला होता आणि त्यावर नावसुद्धा लिहिलं नव्हतं. तिथं अख्खी वसाहत बसली होती. दुपारी इमारतीची सावली बरोबर त्या बोळात पडत होती, कुंपणापलीकडून भिजल्या उसाचा गार वारा येत होता. पाइपावर दुधीचा वेल चढला होता. तेलाच्या डब्यांत कढीपत्ता, तुळस, गवती चहा. दोन बाजा टाकलेल्या. नर्सबाई एका म्हाताऱ्यांचं बीपी बघत होत्या, शेजारी शेंगा फोडणं चाललं होतं.

मुलं वह्या उघडून भराभर चित्रं काढायला लागली. एका मुलीनं डोळे मोठे करून विचारलं, “मॅडम, ही जागा तुम्हाला सुचली कशी?”

इथं मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी घसा खाकरला आणि म्हणाले, “त्याचं असं आहे, वाऱ्याची दिशा आणि सूर्याचा कोन यांचा अभ्यास करून…”

हवालदार बाजेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, “व्हय. म्याडमनी लय इचार केलता ह्या जागंचा.”

त्यांनी माझं बोलणं खोडून काढलं असतं तर मी वाद घातला असता. त्यांनी मला सांभाळून घेतलं, ते मात्र सहन झालं नाही. मी म्हणाले, “खोटं आहे. ही जागा मी गटाराच्या पाइपांसाठी सोडली होती. माणसांसाठी केली ती जागा तुम्ही समोर बघितलीत.”

सगळे हसले. सगळ्यात जोरात मावशी हसल्या. मग त्यांनी मला बाजेवर जागा करून दिली, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि सहज विचारलं, “तुमच्याकडं साताऱ्याला शेजारी कोण ऱ्हातं?”

“ठाऊक नाही,” मी म्हणाले. समोरच्या दारावर कुलूप असतं की नसतं, एवढंसुद्धा मी कधी पाहिलं नव्हतं.

“मग तुमी आमाला शेजार शिकवाय आलता व्हय!” मावशी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

पुढं सोसायटीनं बाजूच्या तुकड्यावर आणखी बारा घरं बांधायची ठरवली आणि काम पुन्हा माझ्याकडंच आलं. ते का, हे मी अजून विचारलेलं नाही. या वेळी मी शहाणी झाले होते. कट्टा नाही, नावं नाहीत. मागं बोळ मुद्दाम ठेवला. दहा फुटांचा इतका आवडला, तर वीस फुटांचा किती आवडेल, असा हिशेब करून तो दुप्पट रुंद केला.

दुमजली घराची सावली दुपारी दोनला दहाच फूट पडते. उरलेल्या दहा फुटांत कडक ऊन, आणि त्याची झळ सावलीतही येते. नव्या घरातली माणसं आपापल्या बाजा उचलून जुन्या बोळात येऊन बसायला लागली.

हवालदारांनी फोन केला. “म्याडम, आता ह्यो तुमचा इचार व्हता का पाइपाचा?”

“विचार माझाच होता,” मी म्हणाले.

“मग काय न्हाई. या हिकडं. तारा वढून दोडक्याचं येल सोडू वर.”

मी गेले. पाऊस होऊन गेला होता, वेलांसाठी आळी खणून तयार होती. तारा कुठून कुठं न्यायच्या, यावर चार बायका आणि दोन वाहक भांडत होते. मी पिशवीतून मोजपट्टी आणि कागद काढला, मत द्यायला तोंड उघडलं. मावशींनी माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि शिडीकडं बोट केलं.

मी शिडी धरून उभी राहिले. हवालदार वर चढले.