खरेदी-विक्री संघाच्या गोडाऊनमधलं प्रदर्शन

आमची बॅच वर्षातून एकदा मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जमते. सहाजण आहोत. शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनाचा विषय निघाला की ताटातलं जेवण निवून जातं, कारण प्रत्येकाकडं त्या आठ दिवसांचे आपापले किस्से आहेत आणि दरवर्षी त्यांना नवे पाय फुटतात. मागच्या खेपेला तर एकजण शपथेवर सांगायला लागला की उद्घाटनाला कलेक्टर आले होते. कलेक्टर कुठले यायला? उद्घाटन संघाच्या वॉचमननं केलं होतं, कारण कुलपाची किल्ली त्याच्याकडं होती! म्हणून म्हटलं, आता मीच एकदा नीट सांगून टाकतो. मी दिगंबर, बीडच्या एका शाळेत ड्रॉइंगचा मास्तर. मी खोटं बोलत नाही. थोडं रंगवतो, तो माझा धंदाच आहे.

*

ते साल दुष्काळाचं. आमच्या कला महाविद्यालयाच्या हॉलमध्ये चारा छावणीचा कडबा भरलेला. आमचे जोगदंड सर दोन दिवस जागा शोधत वणवण फिरले आणि शेवटी खरेदी-विक्री संघाचं गोडाऊन मिळालं. संघाकडं त्या वर्षी खरेदी करायला काही नव्हतं आणि विकायलाही काही नव्हतं, त्यामुळं जागा ऐसपैस होती. सेक्रेटरी नानांची अट एकच होती. समोरच्या भिंतीवरचा चेअरमन साहेबांचा फोटो हलवायचा नाही.

फोटो भिंतीच्या बरोबर मध्यभागी, हार घातलेला. आम्ही आमची चित्रं त्याच्या दोन्ही अंगांनी लावली. अभिप्रायाची वही ठेवली. पहिल्या दिवशी चार शेतकरी आले, सावलीला बसले, मग उठून सगळं निवांत बघितलं. त्यातल्या एकानं वहीत लिहिलं, "मधलं चित्र लई भारी. एकदम जिवंत. बाकीच्या पोरांनी बी मेहनत घ्यावी."

सरांनी ते पान फाडू दिलं नाही. परीक्षकांना दाखवायला निदान एक अभिप्राय तरी आहे, म्हणाले.

*

आता इस्माईलचं सांगतो, कारण त्या आठ दिवसांत आमचा सगळ्यांचा जीव त्याच्यातच अडकला होता. इस्माईलच्या वडिलांचं स्टँडच्या मागं गॅरेज. आदल्या वर्षी इस्माईल शिल्पकलेत नापास झाला होता. परीक्षकांच्या समोरच त्याच्या मूर्तीला तडा गेला आणि नाक गळून पडलं. अब्बांनी त्याला आणखी एक वर्ष दिलं होतं. या खेपेला पास झाला तर पुढं शिकायचं, न्हाई तर पाना हातात घ्यायचा. अब्बा शब्दाचे पक्के होते, आणि इस्माईलला पाना धरता येत नव्हता हे आम्हाला ठाऊक होतं.

त्यानं केली होती पाण्याच्या नंबराला बसलेली बाई. खऱ्या बाईएवढी, एक गुडघा वर, गुडघ्यावर हात, हातावर हनुवटी. पुढ्यात घागर मात्र खरी, त्याच्या अम्मीची. सर म्हणाले, मातीच्या मूर्तीपुढं खरी घागर शोभत नाही. इस्माईल म्हणाला, "घागर खरी हाय म्हणून तर ती बसलीया, सर."

मूर्ती कच्च्या मातीची. प्लास्टरमध्ये उतरवायची म्हटलं तर त्याला आणखी पाणी लागतं, आणि पाणी तर कुणाच्याच घरी नव्हतं. म्हणजे परीक्षक येईपर्यंत तिला ओली पोती गुंडाळून जपायची, एवढाच इलाज होता. पोतं वाळलं की माती वाळणार, माती वाळली की तडा जाणार.

सरांनी नियम केला. कॉलेजात माणशी दोन तांबे पाणी. मी जलरंगवाला, माझं पाणी रंगातच जायचं, पण ब्रश धुतलेलं पाणी फेकायचं नाही, पोत्यावर ओतायचं. त्यामुळं सोमवारी मी आभाळ रंगवलं तेव्हा बाई निळी पडली, आणि मंगळवारी हळदीचं शेत केलं तेव्हा तिला कावीळ झाली. इस्माईल बिचारा रोज सकाळी तिचं तोंड पुसायचा.

*

वंदना आमच्यातली सगळ्यात हुशार. नेकनूरची. तिचं काम ऑइलमध्ये, म्हणून तिनं तिचे दोन्ही तांबे इस्माईलला देऊन टाकले होते. तिनं त्यांच्या शेतातली कोरडी विहीर रंगवली होती, चांगली चार फुटाची. बघायला तिचे वडील अण्णा एसटीनं आले. चित्रासमोर उभे राहिले, टोपी काढली, परत घातली. आम्ही वाट बघतोय की आता डोळ्याला पाणी येणार.

अण्णा म्हणाले, "ही आपली न्हाई."

वंदनानं सांगितलं की आपलीच आहे, मी तिथं बसून काढली. अण्णा ऐकेनात. आपल्या विहिरीच्या कडेला बाभूळ आहे, शेळ्या तिथंच बांधतो, इथं बाभूळ कुठंय? वंदना त्यांना कंपोझिशन समजावून सांगायला लागली. चित्राची उजवी बाजू जड होत होती म्हणून झाड गाळलं, वगैरे. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग येईल त्याला सांगत सुटले की पोरीनं चित्र बेस काढलंय, पर हीर शेजाऱ्याची काढलीया.

शेवटी पोरगी वैतागली. ब्रश घेतला आणि लावलेल्या चित्रात, तिथंच उभ्या उभ्या, बाभूळ काढली. अण्णांनी जवळ जाऊन बघितलं. "आता आपली," म्हणाले आणि पाचच्या गाडीनं गेले.

दुसऱ्या दिवशी जोगदंड सर त्या चित्रापुढं थांबले. म्हणाले, "वंदना, या झाडानं सगळं चित्र तोलून धरलंय. चार वर्षांत मी तुला जे शिकवलं, ते आज दिसलं."

वंदनानं मान डोलावली. बरी होती पोरगी, सरांचं मन तिनं कधी मोडलं नाही.

*

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी मी नारायणगडाला जाऊन नारळ आणला. नवस वगैरे काही नव्हता, पण इस्माईलसाठी काहीतरी करावंसं वाटत होतं आणि दुसरं काही सुचत नव्हतं. टँकर चार दिवस आला नव्हता आणि बाईच्या कोपराला बारीक रेघ दिसायला लागली होती.

नारळ फोडला. पाणी वाटीत धरलं. एरवी त्या पाण्यावर झोंबाझोंबी व्हायची, पण त्या दिवशी कुणी हात पुढं केला नाही. सगळे पोत्याकडं बघायला लागले. मी वाटी नेऊन कोपरावर ओतली. इस्माईलनं माझा खांदा दाबला.

सकाळी येऊन बघतो तर दारापासून कोपरापर्यंत मुंग्यांची रांग! "गोड पाणी ओतलं कावून बे?" म्हणून सगळे माझ्यावर तुटून पडले. गडाचा नारळ म्हणून माझी तेवढ्यावर सुटका झाली, नाही तर मार खाल्ला असता.

*

मुंग्या झटकेपर्यंत इस्माईलचे अब्बा आले. गॅरेजचे कपडे, खांद्याला पिशवी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोराचं काम बघायला आले होते. पोतं बाजूला केलं, तोंडाकडं पाहिलंच नाही, थेट कोपर दाबून बघितलं.

"जॉइंट सुकलाय," म्हणाले. पिशवीतून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली आणि कोपराला आवळून बांधली. रेघ तिथंच थांबली.

तेवढ्यात संघाच्या ऑफिसातून नाना पळत आले. फोन आला होता. परीक्षकांची गाडी मांजरसुंब्याला बंद पडली होती. त्यांना पुढं अंबाजोगाईलाही जायचं होतं, त्यामुळं वेळ झाला तर ते बीड सोडून देतील आणि मग केव्हा येतील सांगता येत नाही. सर मटकन खाली बसले. अब्बांनी पिशवी उचलली आणि स्कूटरला किक मारली.

जाताना इस्माईल त्यांना म्हणाला, साहेबांना सांगू नका मी तुमचा आहे म्हणून. अब्बा म्हणाले, "मी गाडी बनवाया चाललोय, तुझी सोयरीक जमवाया न्हाई."

*

आता शेवटचा किस्सा.

गोडाऊनचा पत्रा तापायला लागला, म्हणून आम्ही बाईला फळीसकट उचलून बाहेर आणलं. कंपाउंडच्या कोपऱ्यात कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्या सावलीत ठेवलं. घागर पुढ्यात ठेवली आणि आम्ही चहाला गेलो. बीडच्या पोरांना हे कळायला पाहिजे होतं की लिंबाखाली टँकर लागतो आणि तिथं जिची घागर पहिली, तिचा नंबर पहिला. पण आमचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

परत येऊन बघतो तर बाईच्या मागं कंपाउंडच्या फाटकापर्यंत घागरी, हंडे, डबे. शेजारच्या वस्तीतल्या सगळ्या बायका तिच्या मागं रांगेत बसलेल्या. सर ओरडले की परीक्षेच्या कामाला हात लावू नका. पुढं बसलेली सोजरबाई म्हणाली, हात कुणी लावलाय, आम्ही नंबर लावलाय.

टँकर आला. पाइप सुटला तशी मागची एक पोरगी हंडा घेऊन पुढं घुसली. सोजरबाईनं तिचा हंडा पायानं मागं सरकवला. "तिचा नंबर मोडू नगं. ती आपल्या आधीपून बसलीया."

टँकरवाला हसला, पण त्यानं पहिली घागर भरली. अम्मीची घागर काठोकाठ भरून बाईच्या पुढ्यात उभी. इस्माईलच्या हातात कोरडं फडकं, आणि त्याला हलवेना. मग सोजरबाई उठली, घागर उचलली आणि पोत्यांवरून सावकाश ओतली, खांद्यावरून, पाठीवरून, कोपरावरून. "घे माय," एवढंच म्हणाली आणि परत आपल्या जागी जाऊन बसली.

त्याच वेळी परीक्षकांची गाडी आत आली. पुढं वाफ निघतेय, रेडिएटरच्या पाइपला ट्यूबची पट्टी बांधलेली. अब्बा उतरले, डिकीतून डबा काढला आणि सवयीनं सरळ टँकरकडं निघाले. सोजरबाईनं डोळे वटारले. अब्बांनी पुढं बघितलं. गाडी दिसताच इस्माईलनं पोती काढली होती. ओली बाई, गुडघ्यावर हात, हातावर हनुवटी. त्या तोंडाकडं ते किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मग वळले आणि डबा घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन बसले.

गाडीत पाणी घातल्याशिवाय पुढं जाता येईना. परीक्षक दहा मिनिटांसाठी आले होते. आतली सगळी चित्रं झाली, वही झाली, चेअरमन साहेबांचा फोटोसुद्धा झाला, तरी डब्याचा नंबर लांबच. मग बाहेर आले आणि तेही अब्बांशेजारी रांगेत बसले. समोर बाई. एकदा उठून तिच्याजवळ जायला निघाले तर सोजरबाईनं बसवलं, जागा सोडली तर मागचे घुसतील म्हणून. परीक्षक बसले. दोन तास बसले. तिथंच त्यांनी कागद काढला, पेन काढलं आणि लिहायला लागले. आम्ही सगळे गोडाऊनच्या दारातून बघतोय, पुढं जायची छाती नाही.

थोड्या वेळानं त्यांनी इस्माईललाच हाक मारली आणि घडी घातलेला कागद दिला. हा सरांना नेऊन दे, मला रांग सोडता येत नाही, म्हणाले. इस्माईलनं तो कागद दोन्ही हातांत धरून आणला, उघडला नाही. सरांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"पास आहे रे. पास आहे. पहिल्या वर्गात."

हुश्श! मी दारातच बसलो. वंदना रडायला लागली आणि त्यातच हसायला लागली. इस्माईल मात्र पळत सुटला, रांगेच्या कडेनं, घागरी ओलांडत, थेट अब्बांपुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अब्बा, पास झालो."

अब्बा हलले नाहीत. नंबर आता तिसऱ्यावर आला होता.

"मालूम हाय," म्हणाले. "साहेब लिवत हुते तवा कागदाखाली डबा मीच धरलता."