चाळीस पूर्णांक पस्तीस शतांश पौंड हवा

हवा या विषयावर आमच्या साडूंनी जितका विचार केला आहे तितका वेधशाळेनेही केला नसेल. फरक इतकाच की वेधशाळेची हवा सगळीकडे असते आणि साडूंची फक्त चार टायरांत. स्टेपनी धरली तर पाच, आणि साडू ती धरतातच. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान मुलुंडला राहतात आणि स्वतःचा बंद बॉडीचा पिकअप चालवतात. साकीनाक्याहून लाद्या, नळ, वॉशबेसिनं उचलायची आणि उपनगरात जिथे कुणाची मोरी फोडून ठेवलेली असेल तिथे नेऊन पोचवायची, हा त्यांचा धंदा. शर्टाच्या ज्या खिशात इतर माणसं पेन ठेवतात त्या खिशात ते हवा मोजायचं गेज ठेवतात. घाटकोपरला एका बारशाला जेवणाची पानं मांडली तरी साडूंचा पत्ता नव्हता. शोधायला गेलो तर हॉलखालच्या पार्किंगमध्ये पाहुण्यांच्या गाड्यांची हवा मोजत बसलेले. "अकरापैकी नऊ चुकीच्या," असं त्यांनी पंगतीत जाहीर केलं. बरोबरच्या दोन कोणाच्या ते सांगितलं नाही, त्यामुळे अकराही गाडीवाले खुशीत जेवले.

त्यांचा मुख्य आग्रह असा की हवा मोजायची ती टायर थंड असताना. गाडी चालली की टायर तापतो, आतली हवा फुगते आणि आकडा खोटं बोलायला लागतो. म्हणून साडू रोज सकाळी चहाच्याही आधी चारही चाकांपाशी उकिडवे बसतात. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याला त्यांनी एकदा बजावलं, "भैया, ठंडे में चालीस चाहिए." तो म्हणाला, "साब, हवा है, लस्सी नहीं." त्या पंपावर साडू पुन्हा गेले नाहीत. पण हाच नियम त्यांनी माझ्या ब्लडप्रेशरलाही लावला, आणि तिथे मात्र मला त्यांचं ऐकावं लागलं. माझा रिपोर्ट आला, वरचा आकडा एकशे बावन्न. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. साडूंनी कागद हातात घेऊन विचारलं, "साडूभाऊ, थंड असताना मोजलं होतं का? दवाखान्याचे तीन मजले चढून गेला असाल तर हा आकडा धरू नका." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला दहा मिनिटं खुर्चीत बसवून मग मोजलं. एकशे चौतीस. तेव्हापासून हवेच्या बाबतीत मी त्यांना उलट बोलत नाही.

अंदाज हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. हातोडीने टायरवर ठोका मारून "ठीक है" म्हणणाऱ्या पंक्चरवाल्याशी ते तासभर भांडू शकतात. आणि अशा माणसाच्या पदरात माझी मेहुणी पडली. आमटीत मीठ किती, अंदाजाने. गावाहून बस किती वाजता येते, अंदाजाने. "अगं, अंदाजाने म्हणजे नक्की किती?" असं साडू लग्नाला बावीस वर्षं झाली तरी विचारतात आणि ती म्हणते, "पुरेल इतकं."

गेल्या जानेवारीत एका रविवारी या दोघांची गाठ एका केकशी पडली. मेहुणी सहा वर्षं घरून केक करते. बिल्डिंगमधल्या पोरांचे वाढदिवस, अर्धा किलो, फार तर एक. त्या रविवारी तिला पहिल्यांदा लग्नाची ऑर्डर होती. गोराईच्या एका ख्रिस्ती कुटुंबातली मुलगी, संध्याकाळी रिसेप्शन, केक चार मजली. मेहुणीने आदल्या दिवशीच मला सांगून टाकलं होतं, "भाऊजी, हा उभा पोचला तर मी दारावर पाटी लावणार. आडवा झाला तर ओव्हन विकून टाकणार. मग नुसती अर्ध्या-अर्ध्या किलोची हौस मला नको." ती हे हसत म्हणाली होती, पण मी तिला तिच्या लहानपणापासून ओळखतो. ती हसत म्हणते तेच करते.

असा केक मजले सुटे नेऊन तिथे रचायचा असतो, हे आम्हाला नंतर कळलं. मेहुणीने तो मुलुंडलाच पूर्ण रचला. मी मदतीला गेलो तेव्हा साडू त्याचं वजन करून बसले होते: पाटासकट एकवीस किलो. गाडीच्या दाराच्या चौकटीवर कंपनीची पट्टी असते. मागच्या टायरांना गाडी रिकामी असेल तर चाळीस पौंड, बाराशे किलो माल असेल तर साठ. एकवीस किलोंना किती ते तिथे लिहिलेलं नव्हतं. साडूंनी त्रैराशिक मांडलं होतं. "चाळीस पूर्णांक पस्तीस शतांश," ते म्हणाले. "तपासा." मी तपासलं. उत्तर बरोबर होतं. गेजवर शतांश दिसत नाहीत याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

पुढे आम्ही तिघं बसलो. मागे केकसमोर माझा फोन बांधून ठेवला होता आणि व्हिडिओ कॉलवर तो केक मेहुणीच्या फोनमध्ये दिसत होता. घोडबंदर रोडवर सगळं ठीक चाललं. भाईंदर सोडून उत्तनच्या रस्त्याला लागलो आणि पहिल्याच गतिरोधकाला गाडी अशी उडाली की मेहुणी ओरडली, "अहो, दुसरा मजला सरकला!"

"कोणाचा?" साडू दचकून म्हणाले. बिल्डिंगच्या दुरुस्तीचं काम त्यांच्या डोक्यात असावं.

"केकचा! हळू घ्या ना!"

"वीसवर आहे. याहून हळू म्हणजे ढकलत न्यावी लागेल."

कारण साधं होतं, पण ते आम्हाला तिथे सुचलं. बाराशे किलो उचलायला केलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांवर एकवीस किलो ठेवले तर गाडीला ते कळतही नाहीत. ती रिकामीसारखीच उसळणार. त्यात टायर चाळीस पौंडांनी टणक. पुढच्या खड्ड्यात वरचा मजला डावीकडे झुकला. मेहुणी फोनकडे बघत हळूच म्हणाली, "गाडी थांबवा. हवा काढा."

"हवा बरोबर आहे," साडू म्हणाले.

"बरोबर असेल. केक पडतोय."

"कमी हवेवर टायर चालवला की कडा जातात गं. आतून चिरतो. पट्टीवर स्पष्ट..."

"मी पट्टीवर केक नाही केलेला."

साडूंनी गाडी बाजूला घेतली. मग उतरले, मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि माझ्याकडे वर बघून म्हणाले, "साडूभाऊ, किती काढू?" त्या माणसाने हवेबद्दल दुसऱ्याला प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला. मेहुणी खाली उतरली, पदर खोचला आणि कणीक बघावी तशी टायरच्या फुगवट्याकडे बघत उभी राहिली. साडूंनी किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबला. फुस्स आवाज सुरू झाला आणि साडूंनी मान दुसरीकडे फिरवली.

"अजून," मेहुणी म्हणाली. "अजून थोडी. बस. आता तो."

मागचे दोन्ही टायर असे झाले. गेज खिशातच राहिलं. मी म्हटलं, मोजू या का, तर साडू म्हणाले, "नको. बघवणार नाही."

त्यानंतर गाडी म्हशीसारखी डुलत, पण न उसळता गोराईपर्यंत गेली. मांडवात केक उतरवला तेव्हा वरचा मजला जरासा कललेला होता. मेहुणीने दोन बोटं क्रीम लावून त्यावर साखरेचं एक फूल जास्त बसवलं. नवरीच्या आत्याने केकभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "बाई, आमच्या धाकटीचा पण तूच कर हां. एप्रिलात." नवरीच्या वडिलांनी केकचे ठरलेले नऊ हजार मेहुणीच्या हातात दिले. तिने ते मोजले नाहीत. मी मोजले, बरोबर होते.

परत निघालो तेव्हा उत्तनला येईपर्यंत मेहुणी मधल्या सीटवर झोपली होती. आदल्या दिवशी पहाटेपासून ती उभी होती. तिचं डोकं साडूंच्या खांद्यावर टेकलं होतं. उत्तनला हवेचं दुकान दिसलं. मी खूण केली. साडूंनी नाही म्हणून मान हलवली. भाईंदरला दुसरं दिसलं, मी पुन्हा खूण केली. "थांबलो तर उठेल," ते ओठांनीच म्हणाले. घोडबंदरवर तर तीन दुकानं होती. सगळी ट्रॅफिक आम्हाला हॉर्न देत पुढे जात होती आणि साडू पंचविसाच्या वर गेले नाहीत. कोपराच्या खाली त्यांचा हात गियरपुरता हलत होता, खांदा मात्र लाकडाचा झाला होता. मुलुंडला पोचायला अडीच तास लागले.

आठवड्याने ते मला साकीनाक्याला टायरवाल्याकडे घेऊन गेले. मागच्या दोन्ही टायरांच्या कडा गेल्या होत्या आणि एक आतून चिरला होता. टायरवाला त्यांना वीस वर्षं ओळखतो. त्याने चिरेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "शेठ, तुमच्या गाडीला हवा कमी? हे झालं कसं?"

"झोप लागली होती," साडू म्हणाले.

टायरवाल्याला वाटलं, यांनाच. "सांभाळून चालवा, शेठ. वय झालं आपलं," असं तो बराच वेळ समजावत राहिला आणि साडूंनी ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. मेहुणीच्या दारावर पाटी लागून तेव्हा दोन दिवस झाले होते. दोन टायरांचे अकरा हजार चारशे रुपये साडूंनी टायरवाल्याला रोख दिले. घरी जुने झाले म्हणून बदलले असं सांगायचं ठरलं, आणि पावती ते माझ्याकडे ठेवून गेले.