सौंसरचं नाटक आणि यशोदाबाईची टोळी

पेट्या ठोकणाऱ्या माणसाच्या पायाखाली लाकडाच्या चिपा साठतात. संध्याकाळी झाडून काढल्या तरी दुसऱ्या दिवशी आहेतच. आमच्या नाटक मंडळाचे किस्से तसेच साठलेत. बसस्टँडवर दोन जुने लोक भेटले की एक निघतो, आणि त्याच्यामागे दुसरा. पण मी बोलायला मंद. माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरच्याचा चहा संपतो आणि तो उठतो. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. कागद काही उठून जात नाही.

तेव्हा ऐंशीचं दशक चालू होतं. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरला टीव्ही कुठं कुठं आला होता, पण दिवाळीनंतरच्या नाटकाला अख्खं गाव यायचं. शाळा हिंदी, कचेरी हिंदी, पण नाटक मराठीच. मी शिकलो चौथीपर्यंत. दिवसा संत्र्याच्या पेट्या ठोकायचो आणि नाटकात पडदा ओढायचो. पडदा ओढणाऱ्याला सगळं दिसतं, आणि त्याला कोणी काही विचारत नाही. अशी जागा मला फार आवडायची.

*

आमची हिरॉईन म्हणजे दौलत शिंपी. बायांना तेव्हा नाटकात कोणी उभं करत नव्हतं. दौलतनं मिशा काढल्या की गावाला कळायचं, नाटक जवळ आलं. लुगडं नेसून तो असा चालायचा की त्याची स्वतःची बायको म्हणायची, "मले बी असं चालता येत नाही."

एका वर्षी पांढुर्ण्याचे एक संत्र्याचे व्यापारी नाटकाला आले. इतके खूश झाले, की "त्या बाईंना द्या" म्हणून हिरव्या काठाचं लुगडं आत पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या बसची वाट पाहताना त्यांच्या पँटची शिवण उसवली. समोरच दौलतचं दुकान. दौलतनं मान खाली घालून शिवण घातली. व्यापाऱ्यांनी खिशात हात घातला तर म्हणतो, "राहू द्या शेठ. तुमी लुगडं पाठवलं ना, माह्या बायकोले लय आवडलं."

व्यापारी त्याच्या बिनमिशांच्या तोंडाकडं पाहतच राहिले. मग समोर आलेल्या बसमध्ये चढले. ती नागपूरची होती!

*

अण्णाजी आमचे अध्यक्ष. संत्र्यांचा मोठा बगीचा होता त्यांचा. माणूस वाईट नव्हता, पण जे जिथं आहे ते तिथंच राहावं असं त्यांना वाटायचं. मंडळाची बैठक मंदिराच्या सभामंडपात व्हायची. एका वर्षी बैठक चालू असताना पायरीवर यशोदाबाई येऊन उभी राहिली.

यशोदाबाई बौद्ध मोहल्ल्यातली. संत्री तोडणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादमीण, आणि मोहल्ल्याच्या गायन पार्टीत गाणारी. तिचा आवाज असा, की बगीच्याच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली की त्या धुऱ्यावरची बाई दचकायची.

ती पायरीवरूनच बोलली. वर्गणी आमच्या मोहल्ल्यातून येते, खुर्च्या आमची पोरं वाहतात, पडदा आमच्या बाया धुतात, मग मंचावर आमचं कोण? यंदा बाईचं काम मी करणार.

अण्णाजी समजावणीच्या सुरात म्हणाले, "यशोदे, नाटकाचं काम सोपं नाही वं. लय कष्ट लागतेत."

"दौलतभाऊले मिशा काढा लागते," ती म्हणाली. "मले थे बी कष्ट नाहीत."

पहिला हसला तो दौलत. मग मास्तर हसले. मास्तर म्हणजे आमचे शाळेतले शिक्षक, नाटक तेच बसवायचे. शेवटी अण्णाजीही हसले, आणि हसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. जाता जाता यशोदाबाईनं आणखी एक गोष्ट सांगून ठेवली. "जाहिरातीत नाव माहंच घ्या लागन. दुसऱ्याच्या नावानं मी उभी राहणार नाही."

*

तालमी सभामंडपात व्हायच्या. पण यशोदाबाईचं नाव ठरलं आणि सभामंडपात चुन्याची पुताई सुरू झाली. म्हणजे तसं मंदिरवाल्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी पुताई, दुसऱ्या दिवशी पुताई, आठवडा गेला तरी पुताईच. चुन्याचं बोट कुठं दिसेना. दौलत मुद्दाम भिंतीवर हात फिरवून आला. "कोरडी आहे," तो म्हणाला. "आतून रंगवून राहिले असतीन."

यशोदाबाईनं हातातली टोपली या हातातून त्या हातात घेतली, बस. ते मला बघवेना. मी माझ्या शेठकडं, पेट्यांच्या आवारात गेलो.

"शेठ, संध्याकाळी आवार रिकामं असते."

"मग?"

"नाटक."

माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यांत मोठं भाषण. शेठ एवढंच म्हणाले, "संत्र्याले हात लावायचा नाही."

आता सांगा, संत्र्याच्या ढिगांमध्ये तालीम आणि हात लावायचा नाही! पहिल्याच दिवशी आमचा खलनायक विधवेला घराबाहेर काढताना गाल फुगवून उभा. मास्तर म्हणाले, "आधी गीळ. मंग धमकी दे."

अजूनही कुठं संत्रं सोलल्याचा वास नाकात गेला की मला त्या नाटकाचे संवाद आठवतात. चुकीच्या क्रमानं आठवतात, पण आठवतात.

*

तालमीला चहा नाक्यावरच्या हॉटेलातून यायचा. हॉटेलवाला बारा कप आणायचा आणि एक काचेचा गिलास. गिलास वेगळा ठेवायचा. कोणासाठी, हे कोणी विचारायचं नाही आणि तो सांगायचा नाही. त्या काळी ते सगळ्यांनाच ठाऊक असायचं, आणि ठाऊक असलेलं बोलून दाखवायची रीत नव्हती.

पहिल्या दिवशी दौलतनं सरळ गिलासच उचलला. हॉटेलवाला घाबरला. "दौलतभाऊ, तुमचा कप हा."

"गिलासात जास्त येते," दौलत म्हणाला आणि प्यायला.

झालं! दुसऱ्या दिवशी खलनायकानं गिलास मागितला, मग तबलेवाल्यानं. तिसऱ्या दिवशी मास्तरही म्हणाले, मलेही गिलासच आण. हॉटेलवाला बिचारा सगळे गिलास घेऊन आला, तर यशोदाबाई म्हणते, "मले कपबशी आणजा बापा. बशीत ओतून प्यायची माही हौस आहे."

तो डोकं खाजवत उभा राहिला. "मंग आता वेगळं काय आणू?" त्यानं विचारलं.

*

बाईचं काम गेलं, म्हणून मास्तरांनी दौलतला फौजदार केलं. खाकी कपडे त्यानं स्वतःच शिवले. फार झोकात दिसला. पण इतकी वर्षं लुगड्यात काढलेली. फौजदार आत आला, खलनायकानं त्याच्याकडं पाहिलं, आणि फौजदार लाजला. मान खाली, अंगठ्यानं माती उकरून राहिला.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. रोज तेच. हातकडी काढायच्या वेळी दौलतचा हात खांद्यावर जायचा आणि नसलेला पदर सावरायचा. बाकीचे पोट धरून हसायचे. दौलतही हसायचा, पण मला दिसायचं, त्याला ते लागत होतं. त्यानं काही नुसतं नाटकातलं काम सोडलं नव्हतं. गावात त्याची जी काही ओळख होती, ती सोडली होती.

यशोदाबाई एकदा त्याच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "दौलतभाऊ, पदर सोडा आता. तो माह्याजवळ आहे. मी सांभाळीन."

त्या दिवसानंतर फौजदाराचा हात खांद्यावर गेला नाही. आणि यशोदाबाई मंचावर कशी चालायची, ते ज्यांनी पाहिलं त्यांना ती चाल ओळखीची वाटली असेल.

*

जाहिरात सायकलरिक्षावरून व्हायची. वर भोंगा बांधायचा आणि आमचा बब्बू माइकवर आधी हिंदीत आणि मग मराठीत ओरडायचा. अण्णाजींनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, नाव घेऊ नको. 'नागपूरची सुप्रसिद्ध अभिनेत्री' असं म्हण. पांढुर्ण्यापर्यंतचे लोक येतील आणि कोणाचं मन दुखणार नाही.

हे यशोदाबाईला कोणी सांगितलं ते मी सांगणार नाही. बब्बू चौकात पोचला तर ती रस्त्याच्या मधोमध उभी. कामावरून आलेली, हातात टोपली. ती रिक्षात चढली, बब्बूच्या शेजारी बसली आणि माइक हातात घेतला.

"मी यशोदा," ती म्हणाली. "इथलीच. बोरगाव रोडच्या मोहल्ल्यातली. नाटकात बाईचं काम मी करून राहिली. सगळे या."

अख्खा बाजार थांबला. माइक परत देता देता तिला रोजची सवय आठवली असावी. ती पुन्हा म्हणाली, "आनं बायांहो, उद्या तोडाईले लवकर निघा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बगीच्यात बाया मावेनात. ज्या टोळीत नव्हत्या त्याही आल्या होत्या!

*

आणि मग नाटक.

मंच मीच बांधला होता, पेट्यांच्या फळ्यांचा. समोर सोफा. त्यावर कचेरीतले एक मोठे हिंदी साहेब आणि अण्णाजी. त्यांच्यामागे खुर्च्या, खुर्च्यांमागे दऱ्या, आणि दऱ्यांच्या मागे एक दोरी. दोरी गर्दी आवरायला लावली आहे, असं दर वर्षी सांगत. दोरीच्या पलीकडं, बैलगाड्या सोडायच्या जागेत, दर वर्षी बौद्ध मोहल्ला बसायचा.

नाटकात यशोदाबाई विधवा. घरच्यांनी काढून दिलेली. ती मास्तरांना म्हणाली होती, "घरातून काढलेली बाई पडद्यामागून कशी येईन? थे तं रस्त्यानं येते." मास्तरांना पटलं. ठरलं की ती मागून, लोकांच्या मधून चालत येईल. त्यासाठी पडदा उघडायच्या आधी जाऊन मी दोरी सोडून आलो.

पडदा उघडला. पांढऱ्या लुगड्यात यशोदाबाई मागून निघाली, एक एक पाऊल टाकत. आणि तिच्या मागे तिच्या मोहल्ल्याच्या बाया उठल्या.

त्यांच्या गायन पार्टीची एक रीत होती. गाणारीला माइकपर्यंत कधी एकटं पाठवायचं नाही. साऱ्या बाया तिच्यासोबत जातात, तिच्या मागे बसतात आणि झील धरतात. नाटकात तसं नसतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायची वेळ कधी आली होती? यशोदा उठली, म्हणून त्या उठल्या. कडेवर पोरं घेऊन, दऱ्यांवरून, खुर्च्यांच्या मधून, सोफ्याच्या बाजूनं त्या सगळ्या मंचावर चढल्या. फळ्या करकरल्या. पदर सावरून त्या तिच्या मागे रांगेनं बसल्या आणि टाळ्या धरायला हात तयार ठेवले.

साहेबांनी अण्णाजींना विचारलं, "इतने सारे कलाकार?"

अण्णाजी अर्धवट उठले होते. त्यांनी साहेबांकडं पाहिलं, मंचाकडं पाहिलं, आणि खाली बसले. "जी साहब," ते म्हणाले. "अपने ही गाँव के हैं."

विंगेतून मास्तर मला खुणा करून राहिले होते, पडदा ओढ, पडदा ओढ. फौजदाराच्या वेशातला दौलत माझ्याजवळ आला आणि त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. मी ओढला नाही.

यशोदाबाईनं मागं पाहिलं नव्हतं. ती लोकांकडं तोंड करून उभी होती. तिनं पदर डोळ्याला लावला आणि पाठ केलेला संवाद म्हटला, "एवढ्या मोठ्या जगात माझं म्हणावं असं कुणीच उरलं नाही."

मागून तिची म्हातारी चुलतसासू म्हणाली, "अवं, असं काहून म्हणतं? आमी आहो ना."

मांडवात कोणी हसलं नाही. यशोदाबाई वळली. यापुढं नाटकात तिचं रडणं होतं.

"सरका मंग थोड्या," ती म्हणाली. "मले बसू द्या."