विहिरीनं विचारलं, काहून

"सर, आय वॉन्ट टू इस्टडी इन इंग्लंड..."

भर दुपारी सुखदेव विहिरीच्या काठावर पालथा पडून आत ओरडत होता. विहीर अशी मोठी की आत एखादं लग्न लागलं असतं, जेवणावळीसकट. मी शेजारी बसून मास्तरकी करत होतो.

"अबे, 'इस्टडी' नाही. स्टडी. ते 'इ' काढ."

"मी काढून राहिलो. ते निघून नाही राहिलं."

"परत मार."

आधीच सांगून ठेवतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी नागपूरच्या महाल भागात वाढलेला. तिथे दर तिसऱ्या पिंपळावर कोणीतरी राहतं म्हणतात, आणि त्यातला एकही पिंपळ असा नाही की ज्याच्याखाली मी रात्री-बेरात्री लघवीला उभा राहिलो नाही. कोणी हटकलं नाही. मित्रमंडळी मला फेकू म्हणतात तेही मान्य. माझी गोष्ट ऐकताना निम्मं पाणी काढून ऐकावी हा नियम मीच घालून दिलाय. पण ही गोष्ट... हिच्यात पाणी नाही. हिच्यात घालायची मला हिंमतच झाली नाही.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. सुखदेव आणि मी विद्यापीठाच्या होस्टेलात एका खोलीत. तो भिवापूरचा, बौद्ध घरातला, घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. वनस्पतिशास्त्रात त्याचं डोकं असं की पानाकडे नुसतं पाहून झाडाला काय झालंय ते सांगायचा, मग झाडाचं गोत्र काहीही असो. परदेशात शिकायला जाण्यासाठी सरकारची एक फेलोशिप होती. पिकांच्या रोगांचा अभ्यास, इंग्लंडमध्ये. आदल्या वर्षी तो मुलाखतीला गेला. पहिल्याच वाक्यात 'इस्टडी' म्हणाला. समोरचे एक गृहस्थ गालात हसले. बस. त्यानंतर ह्याची वाचाच गेली. आता दुसरी खेप होती, आणि वयाच्या अटीमुळे तीच शेवटची. नाही झालं तर गावाकडच्या शाळेत मास्तर... आणि त्याच्या तोंडून ते 'इस्कूल'.

विहिरीची आयडिया माझी. माझं शास्त्र असं, की विहिरीत तोंड घालून बोललं तर आवाज रेडिओवरच्या गोऱ्यासारखा भरदार होऊन परत येतो आणि माणसाचा स्वतःवर भरोसा बसतो. विहिरीत बेडूकसुद्धा बॅरिस्टर वाटतो. हिंगणा रोडला तेव्हा कारखाने कमी आणि संत्र्याच्या बागा जास्त. त्यातल्याच एका बागेत ही विहीर होती. राखण कौतिकाबाईंची. त्या लांब, बागेच्या फाटकापाशी असायच्या, त्यामुळे मला मास्तरकीची फी झाडावरूनच तोडून घेता येत होती.

तर सुखदेवनं परत ओरडून पाहिलं. विहिरीनं 'इंग्लंड... लंड' असं इमानदारीनं परत केलं. तो धापा टाकत थांबला. आणि मग खालून, अगदी सावकाश, कोणीतरी विचारलं...

"काहून?"

काहून, म्हणजे आमच्या बोलीतलं 'का'. आवाज बाईचा की बाप्याचा, सांगता येणार नाही. ओसरीवर बसलेलं घरचं माणूस विचारतं ना, कुठे चालला म्हणून, तसा. भीती वाटावी असं त्यात काहीच नव्हतं. म्हणूनच मी काठापासून मागे सरकलो.

सुखदेवनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "कायची मस्करी करतं बे?"

मी बोलणार कसा? माझ्या तोंडात अख्खं संत्रं होतं. एका गालात अर्धं, दुसऱ्या गालात अर्धं. मी नुसतेच हात हलवले.

आम्ही दोघांनी आत वाकून पाहिलं. हिरवं पाणी, पंपाचा पाइप आणि एक कासव. कासवावर मला संशय आला नाही असं नाही.

"कोणी उतरलं असन गाळ काढाले," मी संत्रं गिळून म्हणालो.

"कुठी हाय?"

कुठेच नव्हतं. चारी बाजूंनी सरळ दगडी भिंत, पाल बसायलाही जागा नाही.

सुखदेव तसा जिद्दी. घाबरला की आणखी जिद्दी व्हायचा. त्यानं मी लिहून दिलेलं, त्याचं घोकून पाठ झालेलं उत्तर खाली ओरडून सांगितलं. देशाची सेवा, विज्ञानाची प्रगती, मानवजातीचं कल्याण. इंग्रजीत मी तेव्हा असलं फार झकास लिहीत असे.

कल्याण-कल्याण-कल्याण असा घुमारा विरला. आणि परत तोच आवाज, तितक्याच शांतपणे.

"काहून?"

आता मात्र सुखदेव तापला. काठाला दोन्ही हात रोवून तो सरळ आपल्या बोलीत सुरू झाला.

"काहून म्हंजे? माही माय मिरच्या तोडाले जाते लोकाईच्या वावरात. तोडणीच्या दिवसाइत तिचे हात असे जळते, का ते आमच्या तोंडाले हात लावत नव्हती. लहान होतो, रडो, तरी लावत नव्हती. अन् ज्या साली चुरडा आला, पानं गोळा झाली, त्या साली तोडणीच नाही. बाया सकाळी टोपले घेऊन जात अन् तसेच घेऊन वापस येत. त्या साली मायचे हात थंडे होते. माह्या तोंडावरून हात फिरवे अन् रडे. ते पान काहून गोळा होते, हे मले पाह्याचं हाय. समजलं? मले तेवढंच पाह्याचं हाय."

मी त्याच्याबरोबर दोन वर्षं राहत होतो. एका ताटात जेवत होतो. हे मला माहीत नव्हतं.

आणि आता ऐका. त्याचं हे सगळं बोलणं विहिरीतून परत आलं नाही. एक शब्द नाही, एक अक्षर नाही. इतका वेळ इंग्रजीचा कण न् कण परत करणारी विहीर... हे तिनं ठेवून घेतलं. मी मुद्दाम खडा टाकला. बुळुक झालं आणि त्याचा घुमारा मात्र व्यवस्थित आला.

इतक्यात झाडांतून कौतिकाबाई आल्या. मी सालं पायाखाली लपवली.

"कोन ओरडून राहिलं गा? तिकडं फाटकापावतर आवाज येऊन राहिला."

"आम्हीच जी. हा अभ्यास करून राहिला."

त्यांनी आमच्या मागेपुढे पाहिलं. "तिसरं कुठी गेलं?"

"तिसरं कोन?"

"तुम्हाले पुसून राहिलं होतं ते."

सुखदेवनं तोवर मनात पक्कं धरलं होतं की आवाज मी काढला. मी धरलं होतं की त्यानं काढला. त्या वाक्यासरशी आम्ही दोघं सायकलवर जे बसलो, ते होस्टेल येईपर्यंत पायांनी पॅडल मारलं की सायकलनं पाय ओढले, मला आजही सांगता येत नाही.

मुलाखत नागपुरातच होती, सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी बंगल्यात. मी बाहेर कडुनिंबाखाली उभा. माझ्या आत्म्यानं तेवढ्यात तीनदा देह सोडला आणि ऊन फार म्हणून परत आला.

आत काय झालं ते सुखदेवनं नंतर सांगितलं. आधी विषयाचे प्रश्न झाले. ते त्याला पाणी. मग मधल्या खुर्चीवरच्या साहेबांनी कागद बाजूला सारले आणि इंग्रजीत एवढंच विचारलं, "का जायचंय?"

तो म्हणाला, "मले वाटलं का विहीरच बसली हाय समोर."

माझं झकास उत्तर त्यानं सोडून दिलं आणि मायची गोष्ट सांगितली. मोडक्या इंग्रजीत, सगळे 'इ' जिथल्या तिथे ठेवून. कोणी हसलं नाही. पॅनलवर एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, हंगाम संपल्यावर तरी आई हात लावायची का?

"यस मॅडम. बट फर्स्ट शी टच द गोट."

"द गोट?"

माय आधी बकरीच्या नाकाला हात लावून पाहायची. बकरी शिंकली नाही, तर मग पोरांच्या तोंडावरून. हे ऐकून साहेबांनी म्हणे चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

निवड झाली. होस्टेलच्या पोट्ट्यांनी त्याला खांद्यावर घेऊन मेसभोवती फिरवलं. मी रडलो नाही. डोळ्यात कचरा गेला होता, साधारण बैलगाडीभर.

मग मीही एकटा त्या विहिरीवर गेलो. हिंमत केली आणि ओरडलो, मला अमेरिकेला जायचंय. 'मेरिका... रिका' असं आलं. बराच वेळ वाट पाहिली. कोणी काही विचारलं नाही. पदार्थविज्ञानाच्या आमच्या सरांनी फळ्यावर विहीर काढून, पाइपातून लांबचा आवाज कसा वाहून येतो ते समजावलं. मी विचारलं, तो आवाज आमचं बोलणं संपल्यावर नेमका प्रश्न कसा विचारेल? सरांनी फळा पुसला. पुढे बागेचे प्लॉट पडले, विहीर बुजवली, आज त्या जागी कोणाचा तरी दिवाणखाना असेल. इतक्या वर्षांत शंभर जणांना सांगून झालं, शंभर तर्क ऐकून झाले. मला एकही पटला नाही, आणि माझा स्वतःचा एकही नाही.

सुखदेव निघायच्या आधी मी त्याच्याबरोबर भिवापूरला गेलो होतो. माय अंगणात वाळल्या मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, चांगलं रंगवून. सुखदेव खाली पाहत होता. शेवटी मी म्हणालो, "माय, ते भूत होतं का देव होता, काही समजलं नाही. तुमाले काय वाटते?"

तिनं हात थांबवला नाही.

"कोनी का असंना. त्यानं पुसलं तरी," ती म्हणाली. "आम्ही घरच्यांनी तं कधी पुसलंच नाही याले."