टेस्ट टेस्टची भवानी

सत्यवती नाखवा यांची दोन दुकानं आहेत. एक पनवेलच्या मासळी बाजारात, सुक्या मासळीच्या ओळीत, भिंतीला टेकून. दुसरं इंटरनेटवर. पहिल्या दुकानात बसायला पाट आहे. दुसऱ्यात बसता येत नाही, ही त्या दुकानाबद्दल त्यांची मूळ तक्रार. बाकीच्या तक्रारी नंतरच्या.

माहेर करंजाचं, सासर पनवेल कोळीवाड्यातलं. बोंबील, जवळा, सोडे, मांदेली, वाकट्या आणि घरचा मसाला एवढा माल, आणि त्या मालाला शोभेल असा आवाज. बाजारात त्यांच्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस आमच्या तरी पाहण्यात नाही. जिंकल्यासारखं वाटून घरी गेलेले पुष्कळ आहेत, आणि तेच पुन्हा येतात.

इंटरनेटवरचं दुकान २०१२ मध्ये त्यांच्या मुलानं, हरेशनं उघडलं. हरेश उरणच्या बंदरात क्रेन चालवतो. गिऱ्हाइकांची मुलं नोकरीसाठी बंगळूर-हैदराबादला गेली आणि तिकडून आयांना फोन करून रडू लागली, की इथे बोंबील मिळत नाही. आया ते रडणं सत्यवतीबाईंपर्यंत पोचवत. हरेशनं एका कंपनीकडून तयार दुकान भाड्यानं घेतलं, फोटो चढवले आणि पुढचं सगळं बायकोवर, म्हणजे मनस्वीवर सोपवून तो क्रेनवर परत गेला.

त्या दुकानात पत्त्याखाली एक चौकोन होता. ‘काही सूचना असल्यास लिहा.’ बनवणाऱ्याच्या मनात वॉचमनकडे पार्सल ठेवा वगैरे असावं. लोकांनी तिथे घासाघीस सुरू केली. ‘मागच्या वेळी वाटा लहान होता, या वेळी चार बोंबील वर टाका.’ मनस्वी हे वाचून दाखवी. सत्यवतीबाई पाटावरून उत्तर देत, “त्याला सांग, वाटा तेवढाच होता, तुजी भूक वाढली.” मनस्वी टाईप करी, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.’ आणि चार बोंबील वर टाकी. असं ते दुकान चार वर्षं सुखानं चाललं.

मग २०१६ च्या मार्चमध्ये त्या कंपनीचं पत्र आलं, की एप्रिलअखेर आम्ही ही सेवा बंद करत आहोत, आपण आपलं दुकान अन्यत्र हलवावं.

आमच्या भागात स्थलांतर हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. विमानतळामुळे गावंच्या गावं हलायची होती आणि त्याची चर्चा चहाच्या टपरीवर तज्ज्ञांच्या पातळीवर चाले. पण सत्यवतीबाईंना मुहूर्त खटकला. सुक्या मासळीचा धंदा एप्रिल-मेचा. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून लोक आधीच भरून ठेवतात. त्यांनी करंजाहून वर्षाचा माल उचललेला होता. माळ्यावर बोंबील, पलंगाखाली जवळा, फ्रिजमागे सोडे. दुकान मेमध्ये उघडं नसेल तर तो माल जूनची दमट हवा खाऊन मऊ पडणार, आणि मऊ पडलेला बोंबील कोणी फुकट नेत नाही.

मनस्वीनं कॉलेजातल्या कल्पेश गालाला बोलावलं. कल्पेश नव्या पनवेलमध्ये राहत्या घराच्या गॅलरीत कंप्यूटर मांडून लोकांची दुकानं या प्लॅटफॉर्मवरून त्या प्लॅटफॉर्मवर हलवून देई. घर जैन, कांदा-लसूणही वर्ज्य. त्यानं आई शांतीबेनना सांगितलं होतं, की एका कोकणी मसाल्याच्या दुकानाचं काम आहे. हे खोटं नव्हतं. मसाला यादीत शेवटच्या ओळीत होता.

पहिल्या दिवशी तो नाकाला रुमाल बांधून आला. सत्यवतीबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“मनस्वी, ह्याला सर्दी झालीया का?”

“मावशी, धुळीचा त्रास आहे.”

“धूल कुठं हाय? बोंबील हायत.”

दुसऱ्या दिवशी रुमाल गेला. तिसऱ्या दिवशी तो जवळा आणि सोडे न विचारता ओळखू लागला, आणि यात आपण अभिमान बाळगावा की प्रायश्चित्त घ्यावं, हे त्याचं त्यालाच ठरेना.

नवा प्लॅटफॉर्म शिस्तीचा होता. त्याला प्रत्येक मालाचं वजन हवं होतं. सत्यवतीबाई म्हणाल्या, वाटा, म्हणजे हाताच्या अंदाजानं लावलेला ढीग. त्याला साइज हवी होती. जवळ्यासमोर कल्पेशनं ‘लहान’ लिहिलं. रंगाचा रकाना कोरा सोडता येत नव्हता, म्हणून सगळ्या यादीला ‘सिल्व्हर’ हा रंग मिळाला, मसाल्यालाही. सूचनांचा चौकोन नव्हता. त्याऐवजी कूपन होतं, म्हणजे घासाघीस दुकानदारानं स्वतःच स्वतःशी करून ठेवायची सोय.

हे सगळं बाईंनी सोसलं. अडलं ते रिव्ह्यूंवर.

“मावशी, चांगले चांगले रिव्ह्यू तेवढे नेऊ. तक्रारी इथेच सोडू.”

“का? तक्रारींनी काय घान केलीय?”

“नव्या दुकानात तक्रारी दिसल्या तर गिऱ्हाईक बिचकेल.”

“बाला, भांडून गेलेला गिऱ्हाईक परत येतो. वा वा करून गेलेला येतो का बघ. तक्रारी पयल्या घे.”

कल्पेशनं प्रयत्न केला. जुन्या कंपनीनं रिव्ह्यू द्यायलाच नकार दिला, चांगलेही आणि वाईटही. माल आला, फोटो आले, गिऱ्हाइकांचे पत्ते आले, पण चार वर्षांची भांडणं तिकडेच राहिली. सत्यवतीबाईंनी मनस्वीच्या फोनवर नवं दुकान पाहिलं. स्वच्छ, पांढरं, चकचकीत.

“इस्पितल वाटतंय,” त्या म्हणाल्या. पण तेही सोसलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी कल्पेशनं गॅलरीत बसून शेवटची तपासणी केली. नियमाप्रमाणे एक ऑर्डर टाकली. नाव टेस्ट, आडनाव टेस्ट, पत्ता ए बी सी, पनवेल. यादीत पहिला होता म्हणून बोंबील, अर्धा किलो. पैसे स्वतःच्या कार्डावरून. पैसे गेले, पावती आली, सगळं ठीक. त्यानं ऑर्डर रद्द केली आणि पैसे परत घेतले. रद्द करताना कारण विचारलं जातं. यादीतलं पहिलं कारण त्यानं दाबलं.

बाजारात सत्यवतीबाई सोड्यांची पहिली विक्री उरकून नुकत्याच पाटावर टेकल्या होत्या. मनस्वीचा फोन वाजला. ‘अभिनंदन! तुमच्या दुकानाची पहिली ऑर्डर!’ बाईंनी फोन हातात घेतला, कपाळाला लावला, टोपलीला टेकवला. दुसऱ्या दुकानाचीही भवानी झाली. तेवढ्यात दुसरा मेसेज. मनस्वीनं वाचला आणि फोन उलटा धरला.

“काय लिवलंय?”

“ऑर्डर रद्द झाली, आई. ग्राहकाचा विचार बदलला.”

बाजारात दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक परत पाठवत नाहीत. भाव पाडून मागितला तरी देतात, कुरकुरत देतात, पण देतात. आणि हा दिवस नव्हता, हे दुकान होतं. या दुकानाची ही जन्मातली पहिली भवानी. बाईंनी टोपलीवर फडकं टाकलं.

“बंद ठेव त्या दुकानाला,” त्या म्हणाल्या.

मनस्वीनं कळवताच कल्पेश धावत आला. “मावशी, ती ऑर्डर खरी नव्हती!”

“टोपलीसमोर आला?”

“म्हणजे... आला.”

“भाव बघितला?”

“बघितला.”

“पैसे दिले?”

“दिले, पण...”

“आनि परत घेऊन गेला. अजून खरा कसा असतो गिऱ्हाईक?”

कल्पेश इंजिनिअर होता आणि प्रश्न तर्कशुद्ध होते.

“मी ती ऑर्डर पुसून टाकतो. कुठे दिसणारसुद्धा नाही.”

“तुला दिसनार नाय. मना म्हाईत हाय ना.”

मनस्वी म्हणाली, “आई, मी घेते बोंबील. माझी भवानी करा.”

“घरच्या मानसाची भवानी धरत नाय. जो परत गेला त्यालाच आन.”

“कोणाला?”

“त्या टेस्टला.”

कल्पेशनं मान खाली घातली. “मावशी, टेस्ट मीच.”

“मंग सोप्पा झाला. घे.”

सोपं नव्हतं. शनिवारी जुनं दुकान मिटणार होतं, नवं उघडायची परवानगी नव्हती, माळ्यावर वर्षाचा माल, आणि गिऱ्हाईक जैन. त्यानं वाटाघाटी सुरू केल्या. मसाला घेतो, म्हणाला.

“बोंबील मागून मसाला नेला तर ती भवानी नाय, समजूत झाली.”

“बरं, बोंबील घेतो. इथेच हातात द्या. मी वाटेत कोणाला तरी देईन.”

“हातात दिला तर बाजारातली भवानी. ती मघाशीच झाली, सोड्यांची. त्या दुकानाची त्याच दुकानासारखी झाली पायजे. कुरियरनी.”

मनस्वी हळूच म्हणाली, “पत्ता खरा टाक रे. ए बी सी कुरियरवाल्याला सापडायचं नाही.”

कल्पेशनं नव्यानं ऑर्डर टाकली आणि पत्ता घरचा दिला. नाव मात्र टेस्ट टेस्टच ठेवलं. गिऱ्हाईक बदललं तर पुन्हा शून्यापासून. मनस्वीनं पार्सल बांधलं, सत्यवतीबाईंनी स्वतःच्या हातानं चार बोंबील वर टाकले. कोळीवाड्यातून नव्या पनवेलला रिक्षानं जाता येतं, पण कुरियरची पद्धत वेगळी. पार्सल आधी भिवंडीच्या गोदामात गेलं, तिथे विसावलं, मग परत आलं. तोवर शुक्रवार उजाडला आणि कल्पेश जिन्यावर पहारा देऊन थकला. तो आंघोळीला गेला, नेमका तेव्हाच कुरियरवाला आला.

शांतीबेननी टेस्ट टेस्ट नावाच्या गृहस्थांचं पार्सल सही करून घेतलं. मग त्यांना वास आला. त्यांनी पार्सल गॅलरीत, कंप्यूटरशेजारी नेऊन ठेवलं, हात धुतले, पुन्हा धुतले आणि बाथरूमच्या दाराशी उभ्या राहिल्या.

“कल्पेश, आपल्याकडे मासे कोणी मागवले?”

आतलं पाणी थांबलं. दाराआडून कल्पेशनं सगळं सांगितलं. बोंबील, चाचणी, रद्द केलेली ऑर्डर, बंद पडलेलं दुकान. समोरासमोर एवढं खरं त्याला बोलता आलं असतं असं वाटत नाही.

शांतीबेन ऐकत राहिल्या. त्यांचं माहेर महाडच्या किराणा दुकानाचं. लहानपणी दुकान उघडल्यावर वडलांच्या गल्ल्याशी त्या बसत.

“बोहनीचा माल परत केलास?” त्या म्हणाल्या. “बोंबील घरी आणलेस ते एक वेळ समजेन. पण बोहनी?”

त्यांनी पार्सलवरचा नंबर लावला.

“सत्यवतीबेन, मी कल्पेशची आई. माल मिळाला. बोहनी झाली. दुकान उघडा.”

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. बाजारात ते दुर्मीळ आहे.

“तुमाला तरास झाला ना, बाई?”

“झाला. आता हे कोणाला देऊ ते सांगा.”

“कोनालाबी द्या. पन मना परत नको. भवानीचा माल घरी येत नाय.”

शांतीबेनकडे धुण्याभांड्याला कोन गावाहून भामाबाई येत. त्या पार्सल पदराखाली घेऊन गेल्या आणि त्या दुपारी नवं दुकान उघडलं. पहिल्या तासात पुण्याहून ऑर्डर आली, मग उलव्याच्या एका नव्या इमारतीतून, मग बंगळूर. मे महिन्यात पलंगाखालचा जवळा संपला आणि फ्रिज परत भिंतीला टेकला.

एक गोष्ट मात्र सत्यवतीबाईंना टोचत होती. माल जात होता, पैसे येत होते, पण कोणी भांडत नव्हतं. चौकोनच नव्हता. लोक गुमान घेत आणि जात. “कोन हायत ही मानसं?” त्या विचारत. “एवढी गप्प का?”

मग एका सकाळी मनस्वीनं फोनवरून वाचलं. नव्या दुकानाचा पहिला रिव्ह्यू. टेस्ट टेस्ट, पनवेल. भामाबाईंनी भांडी घासता घासता सांगितला होता, आणि कल्पेशनं प्रामाणिकपणे उतरवून घेतला होता.

‘बोंबील बरा होता. मीठ जास्ती. वाटा लहान वाटला.’

“काढून टाकू का, आई? पहिलाच आहे, तोही असा.”

“हात लावू नको!” सत्यवतीबाई पाटावर सरसावून बसल्या. बाजूच्या दोघीतिघींनी वळून पाहिलं. “वाटा लहान? वर चार टाकले ते कोन जेवला? त्याला सांग, मीठ जास्ती नाय, तुज्या जिभेला दर्या लागलाच नाय कदी. लिव. आनि खाली लिव, परत ये, वाटा मोठा देते.”

मनस्वीची बोटं सवयीनं ‘आपल्या अभिप्रायाबद्दल’पर्यंत गेली. तिनं ते खोडलं आणि सासूबाई बोलल्या तसंच्या तसं टाईप केलं.