बायची मान

चाचा कडकड गुडघे वाजवत बिळापाशी उकिडवे बसायचे, मुंगसासारखी दिसणारी फेरेटची मादी तोंडाशी सोडायचे आणि बिळाकडे बघायचेच नाहीत. बघायचे तिच्या मानेकडे. मान जराशी वळली की तिला उचलून जाकिटात टाकायचे आणि म्हणायचे, "मागं बगतेय. आज नाय."

हे "आज नाय" मला पहिल्याच आठवड्यात जमलं. थोडं नाकातून, थोडं घशातून, आणि शेवटी तोंडात सुपारी असल्यासारखं. अजमानला आमच्या विट्याकडच्या पोरांची रूम आहे. सुट्टीच्या दिवशी तिथं गेलो की फर्माईश ठरलेली, चाचा कर. मी उकिडवा बसायचो, डोळे बारीक करून बघायचो, आणि पोरं लोळायची. पुढंपुढं आज भांडी कोण घासणार असं कुणी विचारलं की अख्खी रूम एका सुरात म्हणायची, आज नाय.

शारजाच्या पुढं धैदकडे आमच्या अरबाबची, म्हणजे मालकाची, शेती. खजूर, चारा, थोडी भाजी. मी पिकअप चालवायचो, चाचा जनावरं बघायचे. शेळ्या, कबुतरं आणि एक म्हातारा उंट, जो चाचांशिवाय कुणाला जवळ घ्यायचा नाही. मला तर लांबूनच थुंकायचा. चाचा दापोलीकडचे. मी तिथं लागलो तेव्हा त्यांची दाढी पांढरी होऊन मेंदीनं लाल झालेली होती.

अरबाबच्या पोरांनी हौसेनं पांढरे ससे आणले होते. पोरं कंटाळली, ससे सुटले. आता सशांचं काय सांगायचं, तुम्हाला माहीतच आहे. बांधावर बिळंच बिळं झाली आणि खजुराची नवी रोपं सकाळी कुरतडलेली दिसायला लागली. अरबाबनं मोबाईलवर व्हिडिओ बघितला. बिलायतेत म्हणे बिळांच्या तोंडांना जाळ्या लावतात, आत फेरेट सोडतात, ससा घाबरून पळतो आणि जाळीत अडकतो. लगेच पेट शॉपमधून एक लहानसा नर आणला. आपल्या मुंगसासारखा, पण गोरा. चाचा त्याला इंग्रजांचं मुंगूस म्हणायचे.

आणला त्याच संध्याकाळी अरबाब म्हणाला, यल्ला, म्हणजे चला. चाचा नको म्हणत होते, तरी सोडला. आत थोराड ससा बसलेला. त्यानं असली लाथ घातली की ते पिल्लू उलटं बाहेर आलं. त्यानंतर ते कुठल्याच अंधारात शिरेना. स्वतःच्या झोपायच्या खोक्यातसुद्धा नाही. चाचांनी खोक्यात छोटा दिवा लावून दिला तेव्हा कुठं झोपलं. आता ते बंगल्यात एसीखाली सोफ्यावर असतं. काम नाही, सुट्टीची मारामारी नाही. आमच्यातल्या कुणाचंच असं नशीब नाही.

दुसरी आणली ती बारीक मादी. तेव्हा चाचांनी अरबाबला तोंडावर सांगितलं, कधी सोडायची ते मी बोलणार. अरबाबनं मान हलवली. चाचांना तो जुन्या भावासारखा मानायचा, फक्त धीर नव्हता त्याच्याकडे.

तिला चाचा बाय म्हणायचे. शेतात उरलेले पाण्याचे जाड पाईप त्यांनी वाकवून, जोडून एक खोटं बीळ केलं. एका तोंडातून बाय आत, दुसऱ्या तोंडाशी चाचांचा तळहात, आणि तळहातावर कोंबडीची कलेजी. खायला फक्त हातावरच, ताटलीत कधी नाही. मग पाईपावर गोणपाट टाकून अंधार. मग आत सशांच्या बिळातलं गवत, वासासाठी. पाईपाच्या तोंडाशी बसून जिभेचा टुकटुक आवाज करायचे आणि म्हणायचे, "ये गो बाय, ये." एवढं लाडानं त्यांनी आमच्या कुणाला जेवायलासुद्धा बोलावलं नाही.

मी एकदा म्हणालो, चाचा, आत जायला शिकवायचं सोडून तुम्ही बाहेर यायलाच शिकवताय की.

"आत जायला भूक शिकवते, नकल्या," ते म्हणाले. "बाहेर यायला कोण शिकवणार?"

अरबाब रोज गाडीची काच खाली करून विचारायचा, "जाहिज?" म्हणजे झाली का तयार. चाचा छातीवर हात ठेवून म्हणायचे, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या. दुसऱ्या दिवशी परत जाहिज, परत बुकरा. या दोघांचे आवाज एकट्यानं काढायचे म्हणजे माझा हातखंडा होता. एकदा तर चाचांनीच मला ते करायला लावलं, हसले, आणि मग म्हणाले, माझा आवाज एवढा म्हातारा हाय काय रे?

गुडघे फारच धरायला लागले तेव्हा त्यांनी कायमचं गावी जायचं ठरवलं. अरबाबनं तिकीट काढलं. सामान बांधताना ते मला म्हणाले, बाकी सगळं बगून झालं इथलं, एकदा बाय आत जाताना बगायची हाय. थंडी संपत आली होती. उन्हात हे जनावर टिकत नाही, त्यामुळे जे व्हायचं ते त्याच दिवसांत. आणि तोवर ससे गेले नाहीत तर बिळांत विषाच्या गोळ्या टाकायच्या, हेही अरबाबनं सांगून ठेवलं होतं.

जायच्या दिवशी सकाळी धुकं होतं. अरबाब स्वतः आला, पोरांना घेऊन. आम्ही जाळ्या लावल्या. चाचांनी बायला तोंडाशी ठेवलं. तिनं वास घेतला, आणि तिची शेपटी बाटली घासायच्या ब्रशासारखी फुलली. आत ससा होता. अर्धं अंग आत गेलं. कुणी हललं नाही.

मग तिची मान वळली. चाचांकडे.

अरबाब हळूच म्हणाला, थोडा धक्का दो चाचा, देखके जाओ. मी पण म्हणालो, आता नाही तर कधी बघणार तुम्ही? चाचा बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. ढकलायला एक बोट पुरलं असतं.

"विमान माझं हाय आज," ते म्हणाले. "तिचं नाय."

आणि उचलून जाकिटात टाकली.

शारजा एअरपोर्टला मीच सोडलं. ते जाकीट त्यांनी मला दिलं, धुवू नको म्हणाले, तिला वास लागतो. दारातून आत गेले, वळून बघितलं. लाइनीत उभे राहिले, परत बघितलं. मी त्यांच्याच आवाजात म्हणालो, "मागं बगतंय. आज नाय." ते इतके हसले की पोलीस बघायला लागला. मग डोळे पुसत, बॅग ओढत गेले.

नंतर त्यांचा फोन यायचा. हॅलो नाही, सलाम नाही, एकच शब्द, "मान?" मी म्हणायचो, वळते अजून. "बरं," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

मग एका सकाळी तिला तोंडाशी ठेवलं आणि मी मानेकडे बघतोय तोवर ती गेली. मान वळलीच नाही. नुसती शेपटी दिसली आणि नाहीशी झाली. जमिनीखाली धडधड झाली आणि एक ढेरपोट्या पांढरा ससा जाळीत येऊन आपटला. अरबाबची पोरं नाचायला लागली. ससा जिवंत पिंजऱ्यात गेला.

पण बाय येईना. ऊन वर आलं. मी हातावर कलेजी धरून हाका मारल्या, माझ्या आवाजात, विट्याच्या. काही नाही. अरबाब फावडं आणायला गेला, आणि खणताना बीळ बसलं तर काय, हे मला कळत होतं.

मी चाचांसारखा उकिडवा बसलो. टुकटुक केलं. थोडं नाकातून, थोडं घशातून, सुपारी असल्यासारखं म्हणालो, "ये गो बाय, ये."

त्या दिवशी कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा म्हणालो, तेव्हा अंधारात नाक दिसलं, मातीनं माखलेलं. ती बाहेर आली. हातावरची कलेजी तिनं खाल्ली नाही. मनगट हुंगलं, चाचांच्या जाकिटाची बाही हुंगली, मग सरसर खांद्यावर चढली आणि माझ्या मागं बघायला लागली.

मी पण वळून बघितलं.