लोह्याच्या वाटेवरचा नवा प्लग

आत्या वारली त्या दिवशी आम्ही लातूरहून लोह्याला निघालो होतो.

निरोप सकाळीच आला होता: दुखणं वाढलंय, भावाला एकदा बघायचंय म्हणते. आत्या वडिलांची थोरली बहीण. लोकांच्या रानात खुरपून तिनं त्यांना शिकवलं, म्हणून लातूर जिल्हा झाला तेव्हा ते नव्या कचेरीत अधिकारी होते. वाटेत दगा नको म्हणून निघण्याआधी त्यांनी मोटारीचे चारही प्लग बदलले. आमच्या घरात टेबलापासून मोटारीपर्यंत सगळं जुन्या बाजारातलं. कोरे असे ते प्लगच.

चाकूर ओलांडलं आणि गाडी मिसिंग करू लागली. चढाला हिसके देऊन ती थांबली. दुष्काळाचं साल, रस्त्याकडेला सावलीपुरतंही हिरवं नव्हतं. वडिलांनी इंजिन पुन्हा चालू करून एकेका प्लगची वायर उपसून पाहिली. तिसरी काढली तरी आवाजात फरक पडेना. म्हणजे तिथलाच सिलिंडर मेला होता. त्यांनी वायर बदलली, कार्बोरेटर खोलला, पेट्रोल गाळून घेतलं. पाणी पिण्यापुरतंच होतं, म्हणून हात मातीनं चोळले.

"ओ, जुना प्लग लावून बघा की," आई म्हणाली.

"नवा हाय तो. नव्यात काय खोट निघणार?"

"मीबी नवीच आले होते. पहिल्याच दिवशी लई खोटी काढल्या होत्या तुम्ही."

वडील हसले, पण प्लगला हात लावला नाही. आयुष्यभर जुनं वापरलेल्या माणसाचा कोऱ्या वस्तूवर फार विश्वास असतो. ऊन कलल्यावर आईनंच काढलेले जुने प्लग बांधून ठेवलेलं डिकीतलं फडकं आणून त्यांच्यापुढे सोडलं. जुना प्लग बसवताच इंजिन एका सुरात चालू लागलं. काढलेल्या नव्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढी चीर होती. दुकानातून आलेली की आवळताना पडलेली, कळायला मार्ग नव्हता. वडील तो उन्हात धरून बघत राहिले. "चला आता," आई हळूच म्हणाली.

लोह्यात पोचलो तेव्हा लोक आत्याला पोचवून माळावरून परतत होते. दुपारपर्यंत ती तुझंच नाव घेत होती, असं शेजारची म्हातारी वडिलांना म्हणाली. त्यांनी मान हलवली.

पुढं त्यांनी मोटार विकली. त्या दुपारविषयी घरात कोणी बोललं नाही. यंदा तेही गेले. आत्याचा फोटो आमच्याकडे नाही. मला तिचा चेहरा आठवत नाही. तो ठाऊक असलेली आता एकटी आई आहे.